कमरेचं माप

प्रिय धाकट्या,

पार्सल उघडल्यावर तू आधी पँटच उलगडून बघशील, म्हणून चिठ्ठी वर ठेवली आहे. डेपोत उभ्या उभ्या वाचू नकोस. घरी जेवण झालं की निवांत वाच.

ड्रायव्हरच्या गणवेशाची ही पँट कमरेत ढिली करायला पाठवलीस, त्याला महिना होऊन गेला. फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी सांगितलं की इंटरलॉकचं मशीन दुरुस्तीला गेलंय. ते खोटं होतं. मशीन मी विकलं. त्या कोपऱ्यात आता इस्त्रीचं टेबल सरकवलंय आणि कापडाच्या कडा हातानेच शिवते. कामाला वेळ लागतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात. पण ती तशीही कुरकुरायचीच.

गेल्या काही महिन्यांत दुकानाचा जिना चढताना मला धाप लागायची, घाम यायचा, पाठ भरून यायची. दिवसभर वाकून शिवणाऱ्या बाईची पाठ दुखणार नाही तर काय होणार, असं म्हणून मी सोडून दिलं. छातीत कळ एकदाही आली नाही. मग एका सकाळी बेतायच्या टेबलावरच डोकं टेकलं, आणि शेजारच्या चष्मेवाल्याने मला दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका होता. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली, तिच्यात स्टेंट बसवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे कधी कधी दुखणं कळतच नाही. तुला कळवलं नाही, कारण तू गाडी सोडून धावत आला असतास.

त्यांनी विचारलं, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या नियमित घेता ना? त्या मी दोन वर्षांपूर्वीच बंद केल्या होत्या. साखर आटोक्यात आहे, मग बाकीच्या गोळ्या कशाला, महिन्याचे तेवढेच पैसे वाचतील, असं माझं शहाणपण. दात कोरून पोट भरायची आपल्या घराची जुनी खोड. दोन वर्षांत वाचवलेलं सगळं दवाखान्यातल्या पहिल्याच दुपारी संपलं, आणि पुढच्या बिलासाठी मशीन गेलं. आता त्याच गोळ्या रोज घेते, शिवाय आणखी दोन वाढल्यात.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाभोवती टेप लावली तेव्हा मला हसूच आलं, माझाच धंदा माझ्यावर. मग त्या एकेक विचारत गेल्या. कंबर किती वाढली, काम बसून आहे का, रक्तदाब कधी मोजला, तंबाखू-सिगरेट आहे का, घरात आणखी कुणाला मधुमेह आहे का. प्रत्येक प्रश्नाला मला तूच आठवत होतास.

घरी आल्यावर मापांची वही काढली. नोकरीला लागलास तेव्हा तुझी कंबर एकतीस. तुलाही साखर निघाली त्या वर्षी छत्तीस. आता बेचाळीस. दरवर्षी मी अर्धा-पाऊण इंच गुपचूप उसवत आले, तुला वाईट वाटू नये म्हणून अक्षरही बोलले नाही. वर तू डेपोभर सांगत फिरलास की दहा वर्षं मी त्याच मापाच्या पँटी घालतोय. दुसऱ्या कुठल्याही शिंप्याने निदान मजुरी मागताना तरी तुला खरं सांगितलं असतं. माझ्या गोळ्यांची चूक माझ्यापुरती होती. ही चूक मी तुझ्या बाबतीत केली, आणि तिची मला खरंच लाज वाटते.

म्हणून पँट होती तशीच परत पाठवतेय. मला झटका आला तेव्हा माझ्यासमोर नुसतं कापड होतं. तुझ्या पाठीमागे चाळीस माणसं बसलेली असतात, आणि घरी तुझी वाट बघणारी दोन. मला भीती वाटते रे. उजव्या खिशात तपासण्यांची यादी आहे, डॉक्टरीणबाईंकडून तुझ्यासाठी लिहून घेतली. मशीनच्या पैशांतले उरलेले तिच्याच घडीत आहेत. ते परत पाठवलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. वाटेत काही पडू नये म्हणून खिशाचं तोंड चार टाके घालून बंद केलंय. या पँटीचं काही उसवायचंच असेल, तर तेवढे चार टाके उसव.

तुझं माप लपवत आलेली, पण तुझीच
ताई