पियुषची मिशी

३ जुलै

शाळेतून पुन्हा बोलावणं. कोणीतरी पेन्सिल घेतली म्हणून पियुषनं ढकललं, त्या पोराचा दात पडला. मॅडम म्हणाल्या, "एवढा मोठा होऊन लहान पोराले मारते?" म्हटलं, पियुषही दुसरीतच आहे, सात वर्षांचा. पटलं नसावं.

घरी येताना माझा हात धरून रडला. आवाज जाडा झालाय, रडणं मात्र लहान लेकराचं. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकवाले वळून बघत होते.

१० जुलै

त्याच्या शर्टाला घामाचा वास— मोठ्या माणसाचा. दोनदा धुतला. नवऱ्याचे खाणीतले कोळशाचे कपडे, वर हे. हात भरून आले.

१४ जुलै

ओठावर मिशीची लव होतीच. आता खालीही केस. आंघोळ घालताना म्हणाला, "आई, मी बाबासारखा होऊन राह्यलो का?" मी त्याच्या डोक्यावर आणखी एक तांब्या ओतला.

निकेश खाणीतून आल्यावर त्याला सांगितलं. "पोरगा लवकर वाढून राह्यला. त्यात बिमारी कायची?" सासूबाई तर खूश. शेजारणींसमोर उभा करतात त्याला. "माहा नातू पोलिसात जाईन."

२२ जुलै

थकले. आज काही लिहायचं नाही.

५ ऑगस्ट

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला धाडलं. एकटीच घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, "याचं हाफ कसं चालन, बाई?" वाद घालायचं त्राण नव्हतं. फुल काढलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी हाताचा एक्स-रे काढला. हाडं बारा वर्षांच्या मुलाची! मग शांतपणे समजावलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. पुरुषी हार्मोन बनवायचं तिचं काम लहानपणी बंदच असतं. सात-आठ वर्षांचं झालं की हळूहळू सुरू होतं, मग पुढे घामाला वास, थोडे केस. खरं वयात येणं त्यानंतर, आणि ते मेंदूच्या हुकमानं. पियुषच्या ग्रंथीला जन्मापासूनच एक गरजेचं हार्मोन नीट बनवता येत नाही. ती धडपडते, आणि त्या धडपडीत भलतंच, पुरुषी हार्मोन जास्त बनतं.

"आता उंच दिसतो, पण हाडांची वाढ लवकर थांबेल. मोठेपणी ठेंगणा राहू शकतो. रक्ताचा रिपोर्ट असाच आला, तर आयुष्यभर गोळ्या."

येताना बसमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. पाय सीटबाहेर.

२१ ऑगस्ट

रिपोर्टमध्ये तेच निघालं. या वेळी निकेश सोबत होता. मॅडमनी विचारलं, "याच्या आधी मूल झालं होतं?"

निकेश खाली बघू लागला. मीच सांगितलं.

इथे मी हे कधी लिहिलं नाही. पियुषच्या आधी एक मुलगा झाला होता. चांगला रडला, प्यायला. मग उलट्या सुरू झाल्या. वाळत गेला. महिन्याच्या आत संपलं. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या दुधातच खोट हाय." पियुष झाला तेव्हा त्याला छातीला लावू दिलं नाही मला कोणी. पावडरच्या दुधावर वाढला. निकेश तेव्हाही खालीच बघत होता.

मॅडम म्हणाल्या, "आता तपासता येणार नाही. पण बहुतेक हाच आजार असावा. काही बाळांना तो जास्त असतो, अंगात मीठ टिकत नाही. हा आईबाप दोघांकडून येतो."

परतीच्या बसमध्ये वरोरा आलं. निकेश खिडकीकडे बघत म्हणाला, "मंग माहंही हाय त्यात."

२२ ऑगस्ट

सकाळी पियुषला पहिली गोळी दिली. मी चहा गाळत होते. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हने डाक्टरीण?" मी तोंड उघडायच्या आत निकेश बोलला.

"तिचं दूध चांगलं होतं, माय."