माझ्या दोन्ही कानांची व्यवस्था

चाचणी-मैदानावरच्या माझ्या बहिऱ्या साथीदारांनो, आपले कान गेले आणि वर आपल्यालाच खोटे ठरवले. त्या अवजड हेलिकॉप्टरचा आवाज किती होता, तो आकडा लष्करी गुपित आहे. म्हणून पुरावा नाही, म्हणून भरपाई नाही. तुम्हाला साक्षी ठेवून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय मी, तुमची ‘भोंगा’, माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; त्यात कानांचा उल्लेख नव्हता.

राहत्या दोन खोल्या लेकीच्या. बँकेतली शिल्लक आपल्या कामगार संघटनेची. तिच्यातून माझा फोटो मढवू नये, दाव्यासाठी वकील नेमावा. मोठा पाना फिटरदादांना. ते तो कायम उसना नेऊन परत द्यायला विसरत. आता रीतसर न्यावा.

कारखान्याच्या डॉक्टरांना कापसाचा एक पुडा. कानांसाठी त्यांनी आम्हाला एवढेच दिले होते. मी तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, “बाई, वय झालं की होतं असं.” तेव्हा मी तिशीही ओलांडली नव्हती.

त्या यंत्रावर माझा राग नाही. उडण्याआधी ते आमच्या मैदानात साखळदंडांनी जमिनीला जखडलेले असे आणि पाती पूर्ण वेगाने फिरत. गवत आडवे होई, पेल्यातला चहा थरथरे. पुढे त्याने तोफा पोटाखाली टांगून डोंगरमाथ्यावर नेल्या आणि जखमी पोटात घालून खाली आणले. तोफांबद्दल मी भर सभेत जाब विचारला. जखमींपुढे मान झुकवली.

अजून ते स्वप्नात येते. साखळदंड आपोआप गळून पडतात. शेड, बाकडी, आमचे डबे, अख्खे मैदान ते संथपणे उचलते, आणि आवाज अजिबात नसतो. खाली ढग वाहत असतात. फिटरदादा काहीतरी बोलतात आणि मला ऐकू येते. जाग आली की पुन्हा तीच घरघर, माझ्याच डोक्यात.

आता मुख्य गोष्ट. माझे दोन्ही कान, आतल्या हाडांसह, मोठ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना तपासायला द्यावेत. आवाजाने मेलेला कान आणि वयाने थकलेला कान आतून वेगळे दिसू शकतात, असे त्या म्हणतात. हमी देत नाहीत. पण माझ्या डोक्यावर गुपिताचा शिक्का कोणी मारलेला नाही.

लेकीला हे मान्य नाही. मी तिचे ओठ वाचते.

“आई, मेल्यावर तरी भांडण सोड ना गं!”

“जिवंतपणी गप्प बसले नाही, तेव्हा कशाला बसू?”

“तुझं ठीक आहे. मला चिरलेली आई बघायची नाही.”

मी तिचा हात धरून बसले.

पोरी, उशीर झाला तर आतले सगळे नासते, आणि तुझ्या संमतीशिवाय बाई हात लावणार नाहीत. आयुष्यभर मागण्या केल्या, ही विनंती आहे: माझा श्वास थांबला की रडण्याआधी त्यांना फोन कर.

स्थळ: बाहेरची खोली, खिडकीपाशी
दिनांक: ९ फेब्रुवारी
सही: भोंगा

साक्षीदार:
शेजारच्या शिंपीणबाई. आम्हा दोघांच्या समोर सही केली. हात स्थिर होता.
चाचणी-मैदानावरचा निवृत्त वेल्डर. मजकूर स्वतः वाचला. वाचून दाखवला असता तर ऐकू आला नसता.