काका खोलीत असले की

दि. ५ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीची खुशाली. मी लिहिलं होतं की चिंगी इथल्या शाळेत रमली, वर्गात दहाच मुलं असल्यामुळे बाईंचं सगळ्यांकडे लक्ष राहतं, आणि वर्ग इतका शिस्तीचा आहे की बाहेर आवाज म्हणून येत नाही. रमली हे खरं आहे. दहा मुलं हेही खरं. आवाज येत नाही तो मात्र शिस्तीमुळे नाही. तो वर्ग ऐकू न येणाऱ्या मुलांचा आहे. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला साधे वर्ग आणि उजव्या हाताला हा एक. आपली चिंगी, जिला दोन खोल्यांपलीकडे बिस्किटाचा पुडा फोडलेला ऐकू येतो, ती महिनाभर उजव्या हाताच्या वर्गात बसते आहे.

मला हे परवा कळलं. धाकट्याला लस टोचून आणायची होती म्हणून मी चिंगीला लवकर न्यायला गेले आणि खिडकीतून आत पाहिलं. ती मधोमध उभी राहून हातांनी गोष्ट सांगत होती. गोष्ट तुमचीच होती. पंख्याच्या मोटारीत तांब्याची तार भरताना तुम्ही जीभ बाहेर काढता ना, ती. सगळा वर्ग जीभ बाहेर काढून हसत होता, बाईसुद्धा.

घरी आल्यावर मी तिला विचारलं की अगं, तू शाळेत तोंडाने का बोलत नाहीस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच काही कळत नाही. म्हणाली, समोरच्याला ऐकू येत नसताना तोंडाने बोलायचं नसतं, तूच तर सांगितलंस. प्रवेशाच्या दिवशी ओसरीत एका मुलीने तिला हातांनी नाव विचारलं होतं. झालं. काका खोलीत असले की तोंड बंद आणि हात सुरू, हा आपल्या घरचा नियम तिने हजार मैलांवर येऊन पाळला. बाईंनी मला इथल्या भाषेत काहीतरी विचारलं आणि मी मान डोलावली. त्या आठवड्यात मी सगळ्यांनाच मान डोलावत होते. दूधवाल्यालाही डोलावली, म्हणून आमच्याकडे अजून चार घरांना पुरेल इतकं दूध येतं.

आता मला काही सुचत नाही. बाईंना वाटतं हिला थोडंफार ऐकू येत असावं. कान तपासणारे डॉक्टर एप्रिलमध्ये शाळेत येतात, तेव्हा कळेल असं त्या म्हणाल्या. तुमचे जावई म्हणतात, मग तोवर राहू दे. त्यांचंही चूक नाही. इथे आल्यापासून चिंगी माझा हात सोडत नव्हती. अंगणातली मुलं तिच्या बोलण्याला हसली त्या दिवसापासून तिने दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आता ती उड्या मारत शाळेत जाते.

बाकी सगळं ठीक आहे, ठीकपेक्षा बरंच बरं आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंबद्दल मी किती लिहू? सामानाचा ट्रक उशिरा आला तेव्हा अंथरुणं त्यांची, भांडी त्यांची. मला बाजारात घेऊन जातात, एकेका भाजीवर बोट ठेवून नाव म्हणून घेतात आणि चुकलं की माझ्या दंडाला चिमटा काढतात. चिंगीचा गणवेश त्यांनीच शिवला आणि शिलाईचा विषयही काढू दिला नाही. परक्या मुलखात पहिलंच माणूस असं भेटावं, हे आमचं नशीब.

तुम्ही काय करावं म्हणता ते लिहा. लोभ आहेच, पण सध्या सल्लाही हवा आहे.

तुमची पुतणी

•

दि. ११ फेब्रुवारी

चि. ससूबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारचा गॅरेजवाला पाहायला आला. मला माझं हसणं ऐकू येत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते बरंच मोठं असावं. तू लहानपणी सशासारखी कान टवकारून बसायचीस, म्हणून तुझं नाव ससूबाई पडलं. तुझ्या पोरीने तर कानच मिटून घेतले.

तो नियम माझा नव्हता, तुझ्या आजीचा. एकदा मी जेवत असताना सगळे हसले आणि मी विचारलं काय झालं, तर तुझे बाबा म्हणाले काही नाही, नंतर सांगतो. आजीने त्यांच्या पुढचं ताट उचललं. त्या दिवसापासून माझ्यासमोर कोणी नुसत्या तोंडाने बोललेलं तिला खपलं नाही. तू पाळण्यात होतीस तेव्हाच हातांनी दूध मागायला शिकलीस, बोलायला नंतर. आजी असती तर चिंगीला खांद्यावर घेऊन नाचली असती.

जावईबापूंना सांग, कामावरच्या नव्या पंपाचा आवाज बरोबर वाटत नाही म्हणून लिहिलंत, ते आवाजाचं मला काय विचारता? पंपाच्या अंगावर तळहात सपाट ठेवा. थरथर एकसारखी असेल तर ठीक, मधूनच ठेच लागल्यासारखी होत असेल तर बेअरिंग गेलं.

चिंगी शाळेत शिकते त्या खुणा माझ्या खुणांपेक्षा वेगळ्या असतील. त्या शिकून मला लिहून पाठव. या वयात पुन्हा बोलायला शिकायची मला हौस आहे.

एक गोष्ट मात्र विचारून घे. दहाच मुलं आहेत म्हणतेस, ती योगायोगाने दहा आहेत की जागाच दहा आहेत? एवढं कळव.

लोभ तर आहेच. तो कमी झाला की मी आधी कळवीन, तोवर काळजी नको.

तुझा काका

•

दि. १८ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जागाच दहा आहेत.

हे मी बाईंना विचारायच्या आधीच मला कळलं, आणि जसं कळलं तसंच लिहिते. शिंपीणबाईंची नात हल्ली आजीकडे राहायला आली आहे. तिची आई दिवसभर कारखान्यात असते. चार वर्षांची आहे, केस अगदी बारीक कापलेले. मशीनच्या खाली बटणांचा डबा घेऊन बसते आणि रंगांप्रमाणे ओळी लावते. मला वाटलं लाजाळू असेल. काल चिंगीच्या झग्याची शिवण उसवली म्हणून आम्ही खाली गेलो. शिंपीणबाईंच्या हातून कात्री फरशीवर पडली, केवढा तरी आवाज झाला, चिंगी दचकली, धाकटा रडायला लागला, आणि ती पोर बटणं लावत राहिली.

मग शिंपीणबाई बोलल्या. मला आता बरंचसं समजतं. नातीचं नाव त्यांनी या शाळेत घालायचं ठरवलं होतं, म्हणूनच तिला इकडे आणलं. पण जानेवारीत गेल्या तेव्हा शेवटची जागा आदल्याच दिवशी भरली होती. बाहेरगावचं कोणी आलं आहे म्हणे. आता पुढच्या वर्षी पाहू, असं शाळेने सांगितलं. त्या माणसांबद्दल त्यांनी एक वावगा शब्द काढला नाही. त्यांचंही लेकरू असंच असेल, त्यांना तरी कुठे जायला जागा आहे, असं म्हणाल्या आणि चिंगीच्या झग्याला टीप मारत राहिल्या. गणवेश दोन्हीकडचा एकच आहे आणि आमची बया घरी अखंड बडबडते, त्यामुळे त्यांना कसली शंका येणार?

मी त्यांनी दिलेला चहा तसाच पिऊन टाकला, काका.

तेवढ्यात चिंगी मशीनखाली शिरली आणि तिने तिला हातांनी विचारलं, तुझं नाव काय. ती मुलगी चिंगीच्या हातांकडे बघत राहिली. तिला ते काहीच कळत नव्हतं. तिच्याशी आजवर कोणी हातांनी बोललंच नाही, लाडाने जवळ घेतात, बोट दाखवतात, एवढंच. चिंगीने दोनदा विचारलं, मग माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली की आई, हिला कुठलंच बोलणं येत नाही.

आज सकाळी बाईंना वाटेत गाठून जागांचं विचारून घेतलं. दहाच आहेत. चिंगीला नीट ऐकू येतं हे मात्र बोलले नाही. जावई म्हणतात, एप्रिलमध्ये डॉक्टर आले की आपोआप होईल, कोणाला दोष लागणार नाही, शिंपीणबाईंना कळायचंही कारण नाही. ते वाईट हेतूने म्हणत नाहीत. चिंगी दाराआड उभी राहून अंगणातल्या मुलांना बघायची, ते त्यांनी पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायची त्यांची तयारी नाही. माझीही नाही. डाव्या हाताच्या वर्गात पस्तीस मुलं आहेत, सगळी इथल्या भाषेत एकाच वेळी ओरडतात. आणि शिंपीणबाईंना कळलं तर? या गावात आमचं म्हणावं असं ते एकच दार आहे.

(पंपाचं बेअरिंगच गेलं होतं. जावई सगळ्या ऑफिसला सांगत सुटले आहेत की आमच्या काकांनी हजार मैलांवरून ओळखलं.)

उत्तर लगेच पाठवा. लोभाची आत्ता मला नेहमीपेक्षा जास्त गरज आहे.

तुमची पुतणी

•

दि. २४ फेब्रुवारी

चि. ससूबाईस,
अनेक आशीर्वाद.

काय करायचं ते मी सांगणार नाही. तू विचारतेस तेव्हा तुझं ठरलेलं असतं, फक्त बरोबर कोणीतरी हवं असतं. तो मी आहे.

त्याऐवजी तुला न सांगितलेलं एक सांगतो. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत माझ्याजवळ शब्द नव्हते. आमच्या वेळी शाळा नव्हती. माणसं एकमेकांकडे बघून तोंड का हलवतात हे मला कळत नसे. मला वाटायचं सगळ्यांना सारखी भूक लागते. मग तुझ्या बाबांनी एकदा खडूने कपाटावर काहीतरी लिहिलं, दारावर काहीतरी लिहिलं, माझ्या पोटावर काहीतरी लिहिलं, आणि मला तिन्हीकडे फिरवलं. कितीतरी दिवस फिरवलं. ज्या दिवशी मला उमगलं की माझ्या पोटावर लिहिलंय तो मी, त्या दिवशी मी घरभर धावलो आणि जे दिसेल त्याचं नाव लिहून मागितलं. आजीच्या नाकावरही खडू उमटला.

त्याआधीच्या नऊ वर्षांत काय झालं हे लोक मला विचारतात. मला सांगता येत नाही. विसरलो असं नाही. जपून ठेवायला शब्दच नव्हते, त्यामुळे काही उरलंच नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही, पुढे मला भरपूर मिळालं, तू मिळालीस. पण त्या मशीनखालच्या पोरीचं चार वर्षांचं वय मी दोनदा वाचलं.

चिंगी रडेल. रडू दे, तिच्याजवळ तोंड आहे, हात आहेत आणि तू आहेस. शिंपीणबाई रागावतील. त्यांना रागवायचा हक्क आहे. पण जी बाई चिमटे काढून भाषा शिकवते, ती एका रागाने दार लावेल असं मला वाटत नाही. चुकलो तर मला शिव्या घाल, मला ऐकू येणार नाहीत.

माझा लोभ तू काहीही केलंस तरी तसाच राहणार.

तुझा काका

•

दि. १ मार्च, रविवार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. जावयांना वाचायला दिलं. ते वाचून उठले, गॅलरीत जाऊन उभे राहिले, परत आले आणि म्हणाले, एप्रिलपर्यंत थांबायचं नाही. कामावरून रजा काढतो, मीही येतो.

आज सकाळी मी खाली गेले. इथल्या भाषेत सगळं आधी मनाशी म्हणून गेले होते, पण शिंपीणबाई समोर आल्यावर अर्धं विसरले. जे आलं ते बोलले, उरलेलं हातांनी. ती जागा आमच्याकडे आहे, चिंगीला ऐकू येतं, मला महिनाभराने कळलं, आणि तुम्ही नातीचं सांगितलंत तरी मी दहा-बारा दिवस गप्प बसले. शेवटचं वाक्य मला सगळ्यात जड गेलं, पण तेही सांगितलं.

त्या रागावल्या, काका. पहिल्या गोष्टीवर नाही, शेवटच्या. म्हणाल्या की मान डोलावलीस ते समजलं, सगळे नवे लोक डोलावतात, पण माझ्याकडे चहा पिऊन वर गेलीस आणि गप्प राहिलीस? त्यांचं बरोबर होतं. मग बराच वेळ त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो जाईना. मी हात पुढे केला. त्यांनी सुई आधी दिली नाही, मग दिली. मी दोरा ओवून परत दिला. त्यांनी विचारलं की चिंगीला सांगितलं का.

चिंगीला दुपारी सांगितलं. ती खूप रडली. तिच्या मैत्रिणी तिकडेच राहणार, हे तिला कळलं. मी तिच्याजवळ बसले. मग तिने विचारलं की खालच्या मुलीला तिथे बोलायला शिकवतील ना. मी हो म्हटलं. तिने विचारलं, मधल्या सुट्टीत डावीकडच्यांना उजवीकडे जाता येतं का. मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, मग बाईंना विचार, आणि आधी ते विचार, बाकीचं नंतर.

बाई काय म्हणतील मला ठाऊक नाही. जागा लगेच नातीला मिळेल की पुन्हा वाट पाहायला लावतील, हेही ठाऊक नाही. वाट पाहायला लावली तर मी बाईंसमोरून उठणार नाही, असं मी शिंपीणबाईंना सांगितलं आहे. इथे आल्यापासून आम्हाला लोकांनी इतकं दिलं आहे की नुसतं घेत राहण्याची आता मला लाज वाटते. आभाराचे शब्द मला या भाषेत अजून नीट येत नाहीत, तेव्हा हे तरी करीन.

शाळा उद्या-परवा बंद आहे, डागडुजी चालली आहे. जावयांची रजा मंजूर झाली. शिंपीणबाई दुकानाला कुलूप लावून नातीला घेऊन फाटकाशी येतील. माझ्यावर अजून रागावलेल्याच आहेत, पण सोबतच जाऊ असं त्याच म्हणाल्या.

तुम्ही दिलेली हातांची भाषा पोरीने इथवर आणली, आणि तिच्यामुळे ती खालच्या मुलीपर्यंत पोचेल. त्याबद्दल तुमचे उपकार मी लिहून फेडू शकत नाही. लोभ ठेवा, म्हणजे पाय डगमगणार नाहीत.

आम्ही सगळे बुधवारी, ४ मार्चला, शाळा उघडताच बाईंकडे जातो आहोत.

तुमची पुतणी