घरातली सेमीफायनल

मंगळवार, ६ जानेवारी

ड्रॉ आला. बॅडमिंटन, पस्तिशीवरील महिला, सिंगल्स. माझी डबल्सची जोडीदार शबाना आणि मी ड्रॉच्या एकाच बाजूला. दोघी पहिली फेरी जिंकलो तर सेमीफायनल आपापसात. म्हात्रेकाकांनी ग्रुपवर लगेच लिहिलं : ‘सेमीत नेहमीप्रमाणे.’

नेहमीप्रमाणे म्हणजे शबाना वॉकओव्हर देणार. मी वयाने मोठी, म्हणून. तीन वर्षं हेच. एका तालुक्याच्या दोघींनी एकमेकींना दमवायचं नाही, कारण रविवारी सांघिक फायनल असते आणि समोर पेण असतं. आमच्या रोह्याने पेणला सांघिकमध्ये अजून हरवलेलं नाही. काका कॅप्टन. त्यांना दुसरं काही दिसत नाही.

बुधवार, ७

शबाना निडीहून उशिरा आली. रॅकेट काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, या वर्षी वॉकओव्हर नाय देणार."

का, म्हटलं.

"मेमध्ये आम्ही दोहाला चाललो. हे तिकडं, पोरांच्या शाळापण तिकडंच. मग परत कधी? तीनदा न खेळता जिंकलात. एकदा खेळून हरवा की मला."

हसत म्हणाली. मला राग आला. घरी येईपर्यंत कळलं की तिचं बरोबर आहे. राग तसाच ठेवला आहे. शनिवारी लागेल.

गुरुवार, ८

काकांनी दोघींना टपरीवर बसवलं. चहा सांगितला. "घरातल्या घरात कशाला घाम गाळताय? मॅडम, तुमचा गुडघा बघा. कॉलेजात शिकवता तुम्ही. जरा हिला समजवा."

"काका, मलाही खेळायचंय."

काका माझ्याकडे बघत राहिले. शबानाही. मग काका उठले. "करा मग. एकमेकींचं विसर्जन करा. पेणवाले काठावर उभे राहून बघतील."

चहाचे पैसे मात्र देऊन गेले.

शुक्रवार, ९

फक्त डबल्सचा सराव. मी पुढे, ती मागे. जाळीपाशी पडेल ते माझं, डोक्यावरून जाईल ते तिचं. मागे वळून बघायची मला सवयच नाही. गरज पडलेली नाही.

आज एरवीपेक्षा कमी बोललो. तिने जाताना फक्त, "नीट झोपा, ताई."

झोपेन.

शनिवार, १०. पेण

वडखळला गाडी अडकली. तरी वेळेत पोचलो. सकाळी दोघींनी पहिली फेरी आटोपली. दुपारी सेमी.

हरले.

पहिल्याच गेममध्ये तिने उंच शटल मागे टाकलं. मी हलले नाही. मागे शबाना असते. शटल टप्पकन पडलं तेव्हा शबाना जाळीपलीकडून माझ्याकडे बघत होती. क्षणभर तिलाही कळेना. मग कळलं. पुढचं तिथेच टाकलं, त्याच्या पुढचंही.

गेम गेला.

दुसऱ्यात मी जाळीला चिकटून शटल सोडायला लागले. ती पुढे येईना. पुढे मी असते. गेम माझा.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही अर्धं अर्धं कोर्ट खेळलो. आणि स्वतःला पूर्ण खेळाडू समजत होतो.

तिसऱ्यात मी मागे धावायला लागले, ती पुढे यायला. असं मी कधी खेळले नव्हते. एकोणीस गुणांवर संपले. हात मिळवताना ती म्हणाली, "आता बरं वाटलं." मलाही वाटलं. हे काकांना सांगता येणार नाही.

संध्याकाळी फायनलला तिच्या पायात काही उरलं नव्हतं. पेणच्या पाटीलने दोन गेममध्ये संपवलं. माझा गुडघा सुजला आहे. गाडीत नागोठणं आलं. काका म्हणाले, "उद्या तुमच्या जागी सिंगल्स वैदेही खेळेल. तुम्ही नुसती डबल्स. तीपण उभं राहता आलं तर."

"येईल."

"बघू."

येईल.

रविवार, ११. पेण, हॉल

वैदेही हरली. शबाना जिंकली, कालच्याच पाटीलला हरवून. पाटील जाळीजवळ टाकत राहिली. शबाना दर वेळी पोचली. काका उठून उभे राहिले होते, मग कुणी बघत नाही ना हे पाहून बसले.

एक-एक. आता सगळं डबल्सवर आहे. शबानाला मधे अर्धा तास विश्रांती. वही बॅगेत होती म्हणून लिहिते.

मघाशी बाजूच्या कोर्टवर हात मोकळे करायला उतरलो. शटल डोक्यावरून गेलं. मी वळून धावले. तीही आली. रॅकेटवर रॅकेट. पुन्हा तेच. नंतर जाळीजवळचं एक सोपं दोघींनी सोडलं.

काका खुर्चीवरून : "परवापर्यंत डोळे मिटून खेळायच्या दोघी! मी काय बोललो होतो? नाय ऐकलंत."

मी तिला म्हटलं, "मागचं सगळं तुझं. पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं नाय जमायचं आता. तुमचा पाय आपोआप वळतो. माझापण." पाणी प्यायली. "ओरडायचं. जिला पोचेनसं वाटेल, तिनं ओरडायचं."

"दोघी एकदम ओरडलो तर?"

"तर पेणवाल्यांना तरी कुठं कळणार कोण मारतंय?"

कोर्टवर आम्ही कधी एकमेकींशी बोललेलो नाही. लोक त्याचं कौतुक करत. आज ओरडायचं आहे. आवाज निघेल की नाही माहीत नाही. वर्गात निघतो.

नाव पुकारलं. गुडघ्याचा पट्टा आणखी आवळला. काका म्हणाले, "मॅडम, दुखलं तर थांबा हां." आणि लगेच, "पण थांबू नका."

शबाना आधीच उतरली आहे. मागे नाही, मधोमध उभी आहे. मी निघते.