साप चावला नव्हता

बाबा, तू गेलास तेव्हा मी दहावीत होते. तुझं तोंड सुजून इतकं अनोळखी झालं होतं की मला तुझ्याजवळ बसवेना. जन्म मिठागरात गेला, मीठ अंगात भिनलं, असं सगळे म्हणायचे. तूही तेच धरून बसलास. एकदा तुझी भाकर घेऊन मी अनवाणी आत उतरले, तर केवढा ओरडलास! "हितं पाय ठेवायचा न्हाय. माझं झालं तेवढं बस हाय." आठवड्याने माझ्यासाठी रबरी बूट आणलेस. स्वतः मात्र अनवाणीच. मग काकाही तसाच सुजून गेला आणि लोक आपल्या घराशी सोयरीक करायला कचरू लागले. म्हणून मला बघायला पाहुणे आले तेव्हा चहा पुढे करत आईने बेधडक सांगून टाकलं, "त्यांना साप चावला, मिठागरावर." मी मान खाली घालून बसले होते. लग्न जमलं.

आता सासरी, इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहतेय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याच्या पाठची एक मुलगी. सारखं डोकं दुखतं म्हणून नेलं, तर बीपी वाढलेलं, दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी, हृदयावरही ताण आलेला. डॉक्टर म्हणाले, "हे बहुतेक आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. घरात कुणी किडनीने गेलंय का? नीट आठवून सांगा. धाकटीलाही तपासायला लागेल." शेजारी नवरा बसलेला. मी म्हटलं, "माझे वडील साप चावून गेले."

मीठ नव्हतं बाबा ते. तुझ्यातून माझ्यात आलं, माझ्यातून पोरात. खरं सांगितलं तर बारा वर्षं फसवलं म्हणतील, आणि गप्प राहिले तर पोराच्या जिवाशी खेळतेय. आम्हा नवरा-बायकोची सोनोग्राफी सांगितलीय. मी काही ना काही कारण काढून टाळतेय. दवाखान्यातून फोन येईल या धास्तीने घरातली लँडलाईन वाजली की मीच आधी धावत जाऊन उचलते. मला तुझा राग येतो, आईचा येतो, पण आता तीही गेली, तुमच्यापैकी कुणाशी भांडायचीही सोय उरलेली नाही.

आज सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. चेहरा एवढासा झालेला. म्हणाल्या, "आधी माझी सोनोग्राफी करा. बीपीची गोळी मीच घेते ना इतकी वर्षं. माझ्याच रक्तातून आलं असणार गं, माफ कर मला." आणि पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

हा कागद आता फाडून टाकीन, कुणाच्या हाती लागायला नको. पण तुला एक सांगते. त्या रडत होत्या तेव्हा, बाबा, मला हायसं वाटलं.