मेन कोणी सुरू केला

बाबा, काल शेजारणीची नात विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, आजी, एकसर जोडणी आणि समांतर जोडणी समजावून दे. एवढं साधं काम. सगळी नोकरी मी तेच शिकवण्यात घालवली. पण कागदावर पहिला दिवा काढला आणि हात थांबला. तिला उद्या ये म्हणून घालवून दिलं आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एक जन्म लोटला, आणि जे सांगायचं ते ऐकायचा हक्क असलेलं माझ्या ओळखीचं कोणीच आता जिवंत नाही.

वीज तुम्ही मला अकोटच्या आपल्या स्वयंपाकघरात शिकवलीत. घरात तेव्हा कंदीलच होता. शाळेतून आणलेले दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब आणि तारेचे तुकडे तुम्ही आईच्या पोळपाटावर मांडता, आणि आई चुलीपुढून ओरडते, "पोरीले आधी भाकर तं खाऊ द्या!" मी एकच तार लावते, दिवा लागत नाही. "येका तारेनं भागत नाई वं," तुम्ही म्हणता, "गेलेल्या प्रवाहाले परत यायची वाट पाह्यजे." मी विचारते, दिवा प्रवाह खाऊन टाकतो का? तुम्ही खूष. "खात नाई. जेवढा आत गेला तेवढाच बाहेर निंगते. दिवा फक्त त्याच्याजवळची ऊर्जा घेते." मग दोन दिवे एकामागे एक लावून दाखवलेत. दोन्ही मिणमिणते, आणि एक काढला की दुसराही गेला. शेजारी शेजारी लावले तर दोन्ही लख्ख, एक काढला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. आणि हे सगळं आवरताना, दर वेळी, तुमचा तो नियम: शाळेतला विजेचा मेन स्विच ज्यानं बंद केला त्यानंच सुरू करायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. इतक्यांदा ऐकला की मला त्याचा कंटाळा यायचा.

पुढे तुम्ही शिकवत होता त्याच शाळेत मी मास्तरीण झाले. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या वस्तूंची पूजा व्हायची. आपले शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणायची, ते तराजूपासून मेनच्या लोखंडी पेटीपर्यंत सगळ्यांवर पाणी शिंपडून हळदकुंकू वाहायचे. तुमचा पूजेवर विश्वास नव्हता, पण तुम्ही कधी मोडता घातला नाहीत. अट एकच, पाणी शिंपडण्याआधी मेन बंद. पहिल्या वर्षी मी चालू पेटीलाच ओल्या बोटानं कुंकू लावायला गेले तर तुम्ही वर्गातल्या मुलींसमोर कडाडलात, "मास्तरीन झाली तरी अक्कल काहून नाई आली वं तुले?" मुली हसल्या. ते हसू मला वर्षभर टोचत राहिलं. पुढच्या नवमीला काहीतरी करून दाखवायचंच, असं मी ठरवून टाकलं.

म्हणून मी तो फळा बनवला. वर तीन दिवे एकसर, खाली तीन समांतर. तुमची मदत घेतली नाही. हेडमास्तर बघायला येणार होते. मुली बाहेर व्हरांड्यात रांगेत. पटांगणातून हेडमास्तर येताना दिसले आणि मी बटण दाबलं तर दिवे लागेनात. कपाटामागे जाऊन पाहिलं, मेन बंद होता. पेटीवर कुंकू अजून ओलं होतं. मला वाटलं, पूजा आटोपली आणि मामा सुरू करायला विसरले. मी दांडा वर केला. माझे सहाही दिवे लागले. आणि शेजारच्या वर्गात काहीतरी धाडकन पडलं.

मेन बंदच आहे तर तेवढ्यात दिव्याचा होल्डर बदलून घेऊ, म्हणून तिथे तुम्ही शिडीवर चढला होतात. एका हातात तार, दुसरा हात छताच्या लोखंडी गर्डरवर. तारेतून आलेला प्रवाह तुमच्या अंगातून गर्डरमध्ये, तिथून भिंतीत आणि जमिनीत गेला. हे मी पुढे दर वर्षी फळ्यावर काढून दाखवलं, माणसाच्या जागी नुसती एक रेघ ओढून.

अकोल्याच्या दवाखान्यात तुम्ही तीन दिवस होतात. पूजेसाठी मेन मामांनी बंद केला होता, म्हणून सगळ्यांनी परस्पर ठरवलं की त्यांनीच सुरू केला. ते दवाखान्याच्या दारात हात जोडून उभे, "सरनं सांगल्याबिगर म्या हात लावत नाई जी." कोणी ऐकेना. तुम्ही ऐकलंत. "त्याले काई बोलू नका," म्हणालात. "तो हात लावनार नाई." मग माझ्याकडे बघून विचारलंत, "मंग कोनं सुरू केला वं?" मी तुम्हाला चमच्यानं पाणी पाजत होते. मी म्हटलं, माहीत नाही बाबा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

शाळेनं मामांना काढलं. ते तेल्हाऱ्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायला लागले. काही वर्षांनी मला तिथल्या एसटी स्टँडवर भेटले, पाठीत वाकलेले. पोरगी कशी आहे, असं आधी माझ्याच लेकीबद्दल विचारलं. मग म्हणाले, "बाई, सरले तरी समजलं असन न जी, का म्या नाई केला?" मी म्हटलं, समजलं होतं मामा. "बस मंग," म्हणाले आणि माझी पिशवी उचलून गाडीत ठेवून दिली. तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? आता तेही नाहीत. मी कुणाच्या पाया पडू, बाबा? झोपताना, उठताना, दिवा लावताना मला दुसरं काही सुचत नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे. पण घडी घालण्याआधी वरचं एक वाक्य दुरुस्त करते. मामा विसरले असं मला वाटलं, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. माझा हात दांड्यावर होता तेव्हा शेजारच्या वर्गात शिडी सरकल्याचा आवाज मी ऐकला होता. बघून यावं, असं मनातही आलं होतं. पण हेडमास्तर पायऱ्यांपर्यंत आले होते.