बिब्ब्याची खूण

आवं,

सकाळच्या एसटीनं फलटणला आईकडं जाते. भाकरी टोपलीत हाय. कपडे खळबळून उरलेलं पाणी ओतू नका, उद्याचे कपडे त्यातच भिजवा. इस्त्रीतली राख भांड्यांना ठेवा. तुमच्या लाँड्रीत काय वाया जात न्हाई, ते मला पाठ हाय.

वरीसभर कुणी न्यायला आलं न्हाई की कापडाची फडकी करायची, हीबी तुमचीच रीत. काल इस्त्रीच्या टेबलावरचं फडकं धुताना त्यावर बिब्ब्याची खूण दिसली. दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नये म्हणून ती मीच घातली होती. लढाईवर जाताना माझ्या भावानं, आकारामनं, धुवायला दिलेला शर्ट हाय त्यो. आकाराम बेपत्ता हाय, मेल्याची तार अजून आलेली न्हाई. आई रोज एसटीच्या वेळंला दारात बसते.

तुमी मुद्दाम केलं न्हाई. तारीख बघितली, खूण बघितली न्हाई.

फडकं मी सोबत नेतेय. टेबलावर तुमचं जुनं धोतर टाका.

माझं हिरवं लुगडं दोरीवर वाळतंय. त्ये न्यायला मी येईन. वरसाच्या आत आले न्हाई, तरी फाडू नका.

लीला